हायडेलबर्गची पोथी आणि मालवणचा किनारा

चौल मागे टाकून दक्षिणेकडे निघालेल्या गलबताला पुढे कोणती बंदरं लागतात, याची यादी इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवली. सेमुल्ला म्हणजे चौल. त्यानंतर मांदागोरा, पालाइपात्माइ, मेलिझेइगारा, बुझान्तिओन, तोपारोन आणि तुरान्नोसबोआस. मग सेसेक्रेइएनाइ नावाची बेटं, आणखी दोन बेटं, खेर्सोनेसोस नावाची जागा, आसपास चाच्यांचा वावर, त्यापुढे पांढरं बेट, आणि तिथून दक्षिणेचा मिऱ्याचा मुलूख. सेसेक्रेइएनाइ म्हणजे वेंगुर्ल्यासमोर समुद्रात उभे असलेले खडक, ज्यांवर आज निवतीचं दीपगृह आहे, असं अनेक अभ्यासक मानतात. तसं असेल तर यादीतली शेवटची नावं आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पडायला हवीत. विजयदुर्ग, देवगड, आचरा, मालवण यांपैकी कुठेतरी.

पण यांतल्या एकाही नावाची इथल्या गावाशी सरळ गाठ पडत नाही. व्यापाऱ्यानं ऐकलेलं नाव आणि आपण वाचतो ते नाव यांच्या मध्ये जवळजवळ नऊशे वर्षांच्या नकला उभ्या आहेत.

या ग्रंथाचं नाव ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. इजिप्तमधल्या लाल समुद्राच्या बंदरांपासून आफ्रिकेचा पूर्व किनारा, अरबस्तान आणि भारत असा प्रवास त्यात आहे. लहान लहान 66 प्रकरणं आहेत. कर्त्याचं नाव कुठेच नाही. तो इसवी सन 40 ते 70च्या दरम्यान लिहिला गेला असावा, असं बहुतेक विद्वानांचं मत आहे. कोणत्या बंदरात कोणता माल खपतो, कुठे गाळ आहे, कुठे भरती धोक्याची आहे, याची लिहिणाऱ्याला खडान्खडा माहिती होती. कल्याण बंदराविषयी तो सांगतो की, तिथे ग्रीक जहाज चुकून शिरलं तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्यातला हा तपशील दुसऱ्या कुठल्याही ग्रंथात इतका स्पष्ट मिळत नाही.

असा मोलाचा मजकूर मुख्यतः एका पोथीवर तगून आहे. ती आज जर्मनीत हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि दहाव्या शतकातली आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणखी एक प्रत आहे, पण ती याच पोथीवरून बऱ्याच नंतर उतरवलेली. हायडेलबर्गच्या पोथीनं स्वतःही बराच प्रवास केला. तीस वर्षांच्या युद्धात 1623मध्ये ती रोमला गेली, नेपोलियनच्या काळात पॅरिसला, आणि 1816मध्ये पुन्हा हायडेलबर्गला परत आली. तिच्यावर आधारलेलं पहिलं छापील पुस्तक त्याआधीच, 1533मध्ये, बाझेलला निघालं होतं.

ती नक्कल करणाऱ्या लेखनिकाला ग्रीक उत्तम येत होतं. कोकण त्यानं कधी पाहिलं नव्हतं. अडचण नेमकी इथे होती. ओळखीचा शब्द आला की हात बरोबर चालायचा. अनोळखी नाव आलं की डोळा त्यात काहीतरी ओळखीचं शोधायचा, आणि हात तेच लिहून मोकळा व्हायचा.

याचं ठळक उदाहरण एक्केचाळिसाव्या प्रकरणात आहे. तिथे भडोचच्या आखातापलीकडचा प्रदेश सांगताना पोथीत ‘अरबी मुलूख’ अशा अर्थाचा शब्द आला आहे. कच्छ ओलांडून भडोचकडे निघालेला माणूस अरबस्तानात कसा पोचेल? संपादकांनी उत्तर त्याच ग्रंथात शोधलं. सहाव्या प्रकरणात आफ्रिकेच्या बंदरांवर येणारं भारतीय लोखंड, पोलाद आणि सुती कापड कुठून येतं ते लिहिलं आहे, ‘आरिआके’तून. चौदाव्या प्रकरणातही आरिआके आणि भडोच ही नावं जोडीनं येतात. शंभर वर्षांनी अलेक्झांड्रियात बसून भूगोल लिहिणारा टॉलेमी कोकणच्या उत्तर भागाला हेच नाव देतो. तीन ठिकाणच्या साक्षींवरून एक्केचाळिसाव्या प्रकरणातली ‘अरबी’ चूक उघड झाली आणि तिथे ‘आरिआके’ आलं. लेखनिकाच्या हातून एक अनोळखी देश निसटला होता, तो समांतर उल्लेखांनी परत आणला.

समांतर उल्लेख म्हणजे तीच गोष्ट सांगणारा दुसरा उतारा. तो त्याच ग्रंथात असेल, दुसऱ्या लेखकाचा असेल, किंवा दगडावर, ताम्रपटावर, नाण्यावर असेल. बिघडलेल्या जागेला नुसत्या कल्पनेनं ठिगळ लावण्यापेक्षा दुसरा साक्षीदार उभा करणं कितीतरी भरवशाचं. मालवणचे मच्छीमार मोकळ्या समुद्रात माशांची जागा किनाऱ्यावरच्या दोन खुणांवरून धरत आले आहेत. एखादं देऊळ आणि त्यामागचा डोंगर, किंवा माड आणि किल्ल्याचा बुरूज. एका खुणेवरून फक्त दिशा कळते, जागा कळत नाही. आणि दुसरी खूण पहिल्याच रेषेत असेल तर तिचा उपयोग शून्य. ग्रंथाच्या साक्षीदारांनाही हेच लागू पडतं, आणि कोकणच्या बंदरांच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते.

दुसरी खूण टॉलेमीची. साधारण इसवी सन 150च्या सुमाराचा त्याचा ‘भूगोल’ म्हणजे अक्षांश-रेखांशांसह दिलेल्या हजारो नावांची जंत्री. सेमुल्ला त्याच्याकडे ‘सिमुल्ला’ आहे, आणि तिथले लोक त्याला ‘तिमुला’ म्हणतात, हेही तो तिकडे जाऊन आलेल्या व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकून नोंदवतो. कान्हेरीच्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत ‘चेमुल’ आहे. ग्रीक भाषेत ‘च’ नाही. एकानं ‘स’ ऐकला, दुसऱ्यानं ‘त’ ऐकला, आणि दगडानं दोघांचीही सोय लावली.

पुढचं नाव पाहा. पेरिप्लसमधलं ‘पालाइपात्माइ’ टॉलेमीकडे ‘बाल्तिपात्ना’ असं येतं. ‘पात्ना’त आपल्याला ‘पत्तन’ लगेच ऐकू येतं. पेरिप्लसच्या लेखनिकाला ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. ग्रीकमध्ये ‘पालाइ’ म्हणजे पूर्वी, फार जुन्या काळी. अनोळखी सुरुवात ओळखीच्या शब्दाकडे सरकली, आणि शेवटचा ‘न’ बिघडून ‘म’ झाला. बंदर कुठलं, यावर वाद आहेच. कोणी महाडजवळचं पाले सांगतं, कोणी दाभोळ. पण नावाचं मूळ रूप ‘पत्तन’वर संपत होतं, हे दोन साक्षी जुळल्यावर मान्य करावं लागतं.

इथे सिंधुदुर्गातलाच एक ताम्रपट आठवतो. खारेपाटणला सापडलेला, शिलाहार राजा रट्टराजाचा, शके 930चा, म्हणजे इसवी सन 1008चा. त्या घराण्याच्या एका पूर्वजानं ‘वलिपत्तन’ वसवलं, असं त्यात लिहिलं आहे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचं एक नाणं देवस्थानाला द्यावं, असंही त्यात आहे. हा ताम्रपट विद्वानांपुढे प्रथम ठेवला तो ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी, आणि ते देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. वलिपत्तन आणि बाल्तिपात्ना ही नावं कानाला किती जवळची वाटतात! पण दोन्हींमध्ये साडेआठशे वर्षांहून अधिक अंतर आहे, आणि बंदरांच्या क्रमात बाल्तिपात्ना चौलच्या बरंच जवळ येतं. म्हणून ताम्रपट इतकंच सांगू शकतो की, या किनाऱ्यावर अशा घडणीची नावं रुळलेली होती. तेच बंदर होतं, असा पुरावा तो देत नाही.

मेलिझेइगारा पेरिप्लसमध्ये बाजारपेठ आहे. टॉलेमीकडे ‘मिलिझेगुरिस’ हे बेट आहे. मांदागोरा दोघांकडे आहे, पण क्रम उलटा. पेरिप्लसमध्ये ते पालाइपात्माइच्या आधी येतं, टॉलेमीत बाल्तिपात्नाच्या नंतर. बुझान्तिओन दोघांकडे आहे. टॉलेमी मांदागोरापासून पुढच्या पट्ट्याला ‘चाच्यांचा किनारा’ असंच नाव देतो आणि त्यात निट्रा नावाची पेठ सांगतो. रोमन लेखक प्लिनी इसवी सन 77च्या सुमारास लिहितो की, दक्षिणेकडच्या मुझिरिस बंदराला जाणं धोक्याचं आहे, कारण जवळच निट्रिआइ नावाच्या जागी चाचे आहेत. तीन लेखकांच्या माहितीच्या वाटा वेगळ्या, आणि चौलच्या दक्षिणेला समुद्रात लूटमार होती यावर तिघांचंही एकमत. पुढच्या काळातला कोकणचा आरमारी इतिहास पाहता हे एकमत फार बोलकं आहे.

समांतर उताऱ्यांनी सुटलेली आणखी दोन कोडी दक्षिणेकडची आहेत. मिऱ्याच्या मुलखाला पोथी ‘लिमुरिके’ म्हणते. रोमन रस्त्यांच्या जुन्या नकाशात, व्हिएन्नात जपलेल्या पॉइटिंगर पटावर, ‘दामिरिके’ आहे. मोठ्या ग्रीक लिपीत डेल्टा आणि लॅम्डा यांच्यात फरक फक्त खालच्या आडव्या रेघेचा. ती रेघ पुसली की तमिळांचा देश ‘लिमुरिके’ होतो. केरळच्या राजाचं नाव पोथीत ‘केप्रोबोतोस’ असं आहे. प्लिनी ‘काएलोबोथ्रास’ लिहितो, टॉलेमी ‘केरोबोथ्रोस’. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात हाच शब्द ‘केरलपुत्र’ आहे. गंमत म्हणजे अशोकाच्या लेखालाही हीच लागण झालेली आहे. गिरनारच्या प्रतीत ‘केतलपुतो’ कोरलं आहे. मानसेहऱ्याच्या प्रतीत ‘केरलपुत्र’ आणि कालसीत ‘केललपुतो’ नसतं, तर ‘केतल’ हा कुठला देश, यावर पुस्तकं लिहिली गेली असती. सम्राटाच्या आज्ञेनं दगडावर कोरलेला मजकूरसुद्धा बिघडतो, आणि त्याच आज्ञेच्या दुसऱ्या प्रतीनं तो सुधारता येतो.

महाराष्ट्रात ही पद्धत ज्यांनी रुजवली, त्यांचा जन्म याच किनाऱ्यावरचा. रामकृष्ण गोपाळ भांडारकर 6 जुलै 1837 रोजी मालवणला जन्मले. 1884मध्ये ‘अर्ली हिस्टरी ऑफ द डेक्कन’ लिहिताना त्यांनी ग्रीक ग्रंथ, लेण्यांतले लेख, नाणी आणि पुराणं एकमेकांशेजारी मांडली. टॉलेमीच्या हस्तलिखितांत पैठणच्या राजाचं नाव ‘सिरोप्तोलेमाइओस’ किंवा ‘सिरिपोलेमाइओस’ अशा रूपांत येतं. अलेक्झांड्रियाच्या परंपरेत वाढलेल्या लेखनिकाला ‘प्तोलेमाइओस’ हे राजाचं नाव घरचंच होतं. पैठणच्या गादीवर त्यानं एक ग्रीक टॉलेमी बसवला. नाशिकच्या लेण्यांतले लेख वाचले की मूळ नाव कळतं, सिरी पुळुमावी. त्याच टॉलेमीनं हिप्पोकुरा इथे ‘बालेओकुरोस’ राज्य करतो, असं लिहिलं आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1877मध्ये सापडलेल्या नाण्यांवर ‘विळिवायकुर’ आहे. भांडारकरांनी ही नाणी आणि ती ओळ एकत्र वाचली. लेण्यांच्या मदतीनं ग्रीक मजकूर सुधारला, आणि सुधारलेल्या ग्रीक मजकुरानं उलट लेण्यांतल्या राजांना काळ मिळवून दिला.

अशीच एक दुरुस्ती पेरिप्लसमधल्या भडोचच्या राजाची. जुन्या छापील आवृत्त्यांत तो ‘मांबारोस’ होता. हायडेलबर्गची पोथी पुन्हा बारकाईनं वाचल्यावर ‘मानबानोस’ असं नाव निघालं. पहिलं अक्षर ‘न’ धरलं की ‘नांबानोस’, आणि तो म्हणजे नाशिक, कार्ले आणि जुन्नरच्या लेखांतला क्षहरात नहपान. 1906मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांवर नहपानाचं नाव ब्राह्मी, खरोष्ठी आणि ग्रीक अशा तीन लिप्यांत आहे. बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा मारलेला. एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी इतका थेट साक्षीदार क्वचितच मिळतो.

आता पुन्हा मालवणकडे. विल्फ्रेड शॉफ यांचं पेरिप्लसचं इंग्रजी भाषांतर 1912मध्ये निघालं आणि भारतात पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं. त्यात बुझान्तिओननंतर ‘तोगारोन’ आणि ‘औरान्नोबोआस’ अशी सुधारलेली नावं आहेत. पोथीतल्या ‘तोपारोन’ आणि ‘तुरान्नोसबोआस’ यांच्या जागी. टिपांत बुझान्तिओनला विजयदुर्ग, तोगारोनला देवगड आणि औरान्नोबोआसला मालवण सुचवलं आहे. हीच ओळख नंतर अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा छापली गेली.

या दुरुस्त्यांमागचा पुरावा काय? ‘पाय’ आणि ‘गामा’ ही अक्षरं मोठ्या लिपीत सहज मिसळतात. गामाला उजवीकडे एक उभी रेघ जोडली की ‘पाय’ होतो. तेव्हा ‘तोपारोन’चं ‘तोगारोन’ होणं अशक्य नाही. पण हे नाव दुसऱ्या कुठल्याही ग्रंथात, लेखात किंवा नाण्यावर येत नाही. ‘तुरान्नोसबोआस’मध्ये ग्रीक ‘तुरान्नोस’, म्हणजे हुकूमशहा, हा ओळखीचा शब्द शिरलेला दिसतो. लेखनिकाची नेहमीची खोड इथेही असावी, ही शंका रास्त आहे. मात्र त्याजागी ठेवलेलं ‘औरान्नोबोआस’ ज्या नावाची आठवण करून देतं, ते ‘एरान्नोबोआस’ पाटलीपुत्राजवळच्या नदीचं, हिरण्यवाहेचं, ग्रीक नाव आहे. मगधातल्या नदीचं नाव हा कोकणातल्या बंदराचा समांतर उल्लेख होऊ शकत नाही. इथे दोन्ही नावांचं साम्य आहे, पण दोन साक्षीदार नाहीत.

विजयदुर्गाची गोष्ट आणखी बोलकी आहे. कॉन्स्टँटिनोपलच्या जुन्या नावाशी बुझान्तिओन हुबेहूब जुळतं. एकोणिसाव्या शतकात काहींनी कोकणात ग्रीकांची वसाहत होती, असाही तर्क लढवला. खरं तर ग्रीक लेखनिकानं परकं नाव आपल्या ओळखीच्या शहराच्या नावात ओतलं असण्याची शक्यता कितीतरी जास्त. मूळ नाव ‘वैजयंती’सारखं काही असेल, पण ‘विजयदुर्ग’ असू शकत नाही. कारण गिर्ये गावाजवळचा तो किल्ला ‘घेरिया’ म्हणून ओळखला जाई आणि त्याला विजयदुर्ग हे नाव शिवकाळात मिळालं. पहिल्या शतकातल्या नावाची साक्ष सतराव्या शतकातल्या नावानं देता येत नाही. जयगडला मेलिझेइगाराशी जोडतानाही हीच काळजी घ्यावी लागते.

भांडारकरांच्या नावानं पुण्यात 1917मध्ये सुरू झालेल्या संस्थेनं नेमकी ही काळजी एका अवाढव्य कामात दाखवली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम 1919मध्ये सुरू झालं. 1925पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शास्त्रशुद्ध बैठक दिली. ते बर्लिनला शिकलेले होते, आणि युरोपात ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या संपादनातून घडलेली पद्धत त्यांना पक्की ठाऊक होती. काश्मीरची शारदा लिपीतली परंपरा आणि दक्षिणेतल्या मल्याळम लिपीतल्या पोथ्या एकमेकींपासून दूर वाढल्या. म्हणून जिथे त्या जुळतात तिथला पाठ जुना, हे त्यांचं सूत्र होतं. एकाच घराण्यातल्या शंभर पोथ्या जुळल्या तरी त्यांचं मत एकच धरायचं. स्वतःच्या कल्पनेनं दुरुस्ती त्यांनी फार क्वचित केली, आणि केली तिथे खूण करून ठेवली. हे काम 1966मध्ये पूर्ण झालं.

पेरिप्लसच्या संपादनानंही पुढे हाच संयम धरला. 1927मध्ये स्वीडिश विद्वान याल्मार फ्रिस्क यांनी पोथी नव्यानं वाचून आवृत्ती काढली. 1989मध्ये लायोनेल कॅसन यांनी ग्रीक मजकूर भाषांतरासह छापला. त्यांच्या मजकुरात ‘तोपारोन’ आणि ‘तुरान्नोसबोआस’ परत आले, पोथीत आहेत तसे. ‘आरिआके’ मात्र सुधारलेलंच राहिलं, कारण त्याच्या बाजूनं सहावं प्रकरण, चौदावं प्रकरण आणि टॉलेमी उभे आहेत. एक दुरुस्ती टिकली, दुसरी टिकली नाही, आणि दोन्हींमागचं कारण वाचकाला तपासून पाहता येतं.

वेंगुर्ल्याच्या खडकांची ओळख मात्र अजून बरीच बळकट आहे, कारण ती नावाच्या साम्यावर टेकलेली नाही. यादीचा क्रम, उघड्या समुद्रात पुंजक्यानं असलेली बेटं, त्यांच्या पुढे येणारी द्वीपकल्पाची जागा आणि चाच्यांचा उल्लेख, हे सगळं किनाऱ्याच्या प्रत्यक्ष ठेवणीशी जुळतं. मालवणचं नाव तूर्त मजकुरात नाही, टिपेत आहे. चौलला कान्हेरीच्या लेण्यातला ‘चेमुल’ मिळाला, तसा तुरान्नोसबोआसला आचऱ्याच्या किंवा कर्लीच्या खाडीकाठी एखादा ब्राह्मी लेख मिळाला, तर ते नाव टिपेतून वर येईल. तो लेख कदाचित मालवणऐवजी दुसऱ्याच गावाचं नाव सांगेल, आणि मग टीपही बदलावी लागेल.